गोल बुडाचा सूड

मी एक जुनी बादली आहे, आणि आयुष्यात ज्यांनी ज्यांनी माझा अपमान केला त्या सर्वांना मी मोठ्या मनाने क्षमा केली आहे.

मित्रांनो, हे वाक्य शाळेच्या भिंतीवर लिहायला चांगलं आहे. खरं मात्र नाही. पुष्कळांना मी क्षमा केली, कारण त्यांची नावं मला ठाऊक नव्हती. एका गृहस्थांचं नाव ठाऊक होतं. त्यांना केलेली नाही. पुरनलाल पटेल, राहणार टेंभरूटोला. गावात पटेल एकच होते आणि तेवढे पुरेसे होते.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात झाला. आजूबाजूला पुष्कळ बादल्या घडत होत्या. त्यांची बुडं सपाट होती. माझं बूड खरबुजासारखं गोल निघालं तेव्हा मला वाटलं, कारागिराचा हात चुकला. चुकला नव्हता. आगीच्या बादलीचं बूड मुद्दाम गोल करतात. गोल बुडाची बादली जमिनीवर उभी राहत नाही, आणि जी उभी राहत नाही ती कोणी घरी नेत नाही. तिच्यात धुणं भिजवता येत नाही, गुरांना पाणी पाजता येत नाही. लोक चोर आहेत असं आधीच गृहीत धरून मला घडवलं होतं. तेव्हा माझा स्वभाव थोडा तिखट वाटला, तर तो माझा दोष नव्हे. तो बुडातूनच आला आहे.

मला लाल रंग दिला. पोटावर पांढऱ्या अक्षरांत ‘आग’ असं लिहिलं. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी दरेकसाच्या डोंगराअलीकडच्या एका लहानशा स्टेशनात, मास्तरांच्या दाराशेजारी, भिंतीतल्या खुंटीवर मला टांगण्यात आलं. पोटात कोरडी वाळू भरली. त्या स्टेशनात पॅसेंजर थांबत असे. मेल नुसती शिट्टी देऊन जात असे. माझं काम एवढंच होतं, की आग लागण्याची वाट पाहायची. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. रोज तयार राहायचं आणि रोज काहीच घडायचं नाही, याला मोठी निष्ठा लागते. माझ्यात ती होती.

मग पुरनलाल पटेल गोंदियाला जाऊ लागले. तिथल्या कोर्टात त्यांच्या तारखा असत. गाडीला उशीर असे आणि पटलांच्या तोंडात पान असे. पहिल्या दिवशी ते माझ्यासमोर उभे राहिले, मान थोडी मागे घेतली आणि नेम धरला.

स्टेशनवरचा पोर्टर सुकराम धावत आला. “पटेल, आगीची बादली आहे जी ते!”

“मंग? आग लागून राहिली का आता?”

“नाई जी.”

“लागली का सांग. तवा नाई थुकत.”

मित्रांनो, या युक्तिवादाला उत्तर नाही. मी आजही शोधते आहे.

गावात पटेल जे करतात त्याची चाल पडते. महिनाभरात सगळे उतारू माझ्याकडे वळले. पानवाले आले, बिडीवाले आले, नुसतेच घसा साफ करणारे आले. एका लग्नाच्या वऱ्हाडाने तर रांग लावली. पण बाकीचे भीत भीत, इकडे तिकडे पाहून थुंकत. पटेल मात्र हक्काने थुंकत, जणू मला त्यांनीच टांगलं होतं. चुना आणि कात वाळूत मुरत गेले. मी वरून लाल होते, आतूनही लाल झाले. कोणाच्या लक्षात आलं नाही. लाल रंगाचा हा एक तोटा आहे.

अखेर एका उन्हाळ्यात आग लागली.

स्टेशनच्या आवारात तेंदूपानांच्या बोऱ्या रचलेल्या होत्या. कोणाच्या तरी बिडीची ठिणगी पडली आणि कडेची बोरी धुमसू लागली. माणसं ओरडू लागली. मी मात्र शांत होते. माझा दिवस आला होता. सुकरामने मला खुंटीवरून काढलं, धावत नेलं, बोरीवर पालथं केलं.

काहीही पडलं नाही.

इतक्या वर्षांच्या पिचकाऱ्यांनी वाळूची वीट झाली होती. सुकरामने मला हलवलं, आपटलं, शेवटी वैतागून खाली ठेवलं. खाली ठेवलेली मी राहते कुठे? घरंगळत गेले ती थेट पटलांच्या जोड्यापाशी थांबले. बोऱ्या पेटल्या होत्या, लोक विहिरीकडे पळत होते, आणि पटेल माझ्याकडे बोट दाखवून हसत होते.

“हे बादली होय का भोपळा बे, सुकराम?”

ते हसणं मी विसरले असते. खरंच विसरले असते. पण नंतर चौकशीला रेल्वेचे साहेब आले, आणि गावातले भरवशाचे माणूस म्हणून त्यांनी पटलांनाच विचारलं. पटेल म्हणाले, “बादलीच खराब होती जी. मी इतके वर्सं पाहून राहिलो. काहीच कामाची नाई.”

साहेबांनी मान डोलावली. माझ्या कपाळावर खडूने फुली मारली. माझ्या खुंटीला पंचांग टांगलं आणि मला कोळशाच्या ढिगामागे फेकून दिलं. तिथे माझी संगत कोळशाशी होती. कोळसा बाहेरून थंड असतो आणि आत आग बाळगून असतो. मी त्याच्याकडून तेवढं शिकून घेतलं. मी ठरवलं, की कधीतरी, कुठेतरी, पुरनलाल पटलांच्या पायावर पडायचं.

गैरसमज नको. पाया पडायचं नव्हे. पायावर पडायचं. गोल बुडाच्या बादलीला एकच गोष्ट चांगली येते. ती म्हणजे कलंडणं.

आता शाळेकडे येते. टेंभरूटोल्यात चौथीपर्यंत शाळा होती. स्वातंत्र्याच्या आनंदात पटलांनी आपली छपरी शाळेला दिली होती. हार घालून घेतले होते, भाषणही केलं होतं. काही वर्षांत आनंद ओसरला आणि धान वाढलं. पटलांना छपरी परत हवी झाली. पण तोंडाने मागणं बरं दिसलं नसतं. तेवढ्यात सरकारच त्यांच्या मदतीला धावलं. वरून हुकूम आला, की प्रत्येक शाळेत एक मूलोद्योग पाहिजे. या शाळेच्या वाट्याला बागकाम आलं. ज्या शाळेत उद्योग दिसणार नाही ती शेजारच्या शाळेत मिळवण्यात येईल. पौषात शाळाखात्याचे डिप्टी साहेब पाहायला येतील.

हुकूम काढणाऱ्यांना वाटलं असावं, की खेडं म्हटलं की जमीन असतेच. जमीन होतीच. ती सगळी पटलांची होती. शाळेपुढचं अंगण म्हणजे नुसता मुरूम, कुदळ मारली की ठिणगी उडे. शाळेमागे थोडी पडीत जागा होती. शाळेचे एकुलते एक गुरुजी शालीकराम ती मागायला गेले.

“पटेल, मागची पडीत द्या जी. पोरं वांगे-मिरच्या लावतील.”

“पडीत कायची? माही बकरी चरते तिथं.”

“बकरी दुसरीकडं नाई चरत का?”

“मंग पोट्टे दुसरीकडं नाई शिकत का? बाम्हणीले शाळा आहे ना.”

बाम्हणी रेल्वे लाईनीच्या पलीकडे, नाल्याच्या पलीकडे होती. मुलं गेली असती. मुली गेल्या नसत्या. तिसरीत तुलसा नावाची एक मुलगी होती. सुकराम पोर्टरची मुलगी. तिची आई वच्छला हिने हुकूम ऐकल्याबरोबर स्वतःचा हुकूम काढला होता: “बाम्हणीले नाई धाडत. शाळा गेली तं घरी राह्य, भावाले सांभाळ. लिवनं-वाचनं तं आलं ना, आता काय कलेक्टर होते का?”

तुलसाला कलेक्टर व्हायचं नव्हतं. तिला चौथीत जायचं होतं. चौथीच्या मुलांना शाईने लिहायला मिळत असे.

तिसऱ्या दिवशी शालीकराम गुरुजी वर्गात म्हणाले, “झाडाले माती लागते, जमिनीचा पट्टा नाई लागत. उद्या घरून एकेक भांडं आना. फुटकंच आना. चांगलं आनलं तं तुमच्या आईचा मार मी नाई खानार.”

दुसऱ्या दिवशी टेंभरूटोल्यातली सगळी निवृत्त भांडी शाळेत हजर झाली. तडा गेलेली मडकी, बूड गळालेली कढई, घासलेटचे डबे, कान तुटलेली घमेली. एका मुलाने आजोबांची पत्र्याची ट्रंक आणली आणि दुपारी आजोबा येऊन ती परत घेऊन गेले. स्टेशनमास्तरांच्या बायकोने चिनी मातीचं एक देखणं पांढरं भांडं दिलं. त्याला एकच कान होता. ते मूळचं कशाचं होतं हे त्याने आम्हांला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मिरच्या मात्र सर्वांत चांगल्या त्यातच आल्या.

तुलसाच्या घरी फुटकं काही नव्हतं. जे होतं ते वापरात होतं. तिने बापाजवळ हट्ट धरला आणि सुकरामने मला कोळशामागून ओढून काढलं. मित्रांनो, जिला कोणी घरी नेऊ नये म्हणून घडवलं होतं, ती मी त्या दिवशी एका मुलीच्या डोक्यावर बसून गावात शिरले.

आधी पोट साफ करावं लागलं. तुलसा आणि तिच्या मैत्रिणी सळईने वाळूची वीट फोडत होत्या. थरामागून थर निघाला. “केवढं लाल आहे वो बाई!” एक म्हणाली. “रंग होय,” दुसरी म्हणाली. तो रंग कोणाचा होता हे मला पक्कं माहीत होतं. मग गुरुजींनी खिळा आणि दगड घेऊन माझ्या बुडाला भोकं पाडली. दुखलं. “पानी साचलं तं मूळ सडते,” ते मुलांना सांगत होते. हे ज्ञान चांगलं आहे, पण ते ऐकताना आपण भोक पडणाऱ्या बाजूला असू नये.

खरी पंचाईत पुढे झाली. बोडीतला, म्हणजे गावतळ्यातला, गाळ आणि शेणखत भरून मला ओट्यावर ठेवलं, मी कलंडले. पुन्हा ठेवलं, पुन्हा कलंडले. मुलं हसू लागली. हे हसणं मला ओळखीचं होतं, आणि आता इथेही फुली बसणार असं मी धरून चालले.

तुलसा हसली नाही. ती धावत गेली, भाताच्या तणसाची पेंढी घेऊन आली, पिळून पिळून तिची जाड चुंबळ वळली. अशीच चुंबळ डोक्यावर ठेवून ती रोज विहिरीवरून पाणी आणत असे. तिने चुंबळ ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर मला बसवलं.

मी उभी राहिले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. तोवर मी एक तर टांगलेली होते नाही तर लोळत होते.

मग तुलसाने चपलेखाली धने रगडले, एकेका दाण्याची दोन दोन शकलं केली आणि माझ्यात पेरले. सांबार उगवला. हिरवागार, दाट, वासाचा. मुलं खुडून घरी नेत आणि पुन्हा पेरत. पहिलीची पोरं माझ्या पोटावरची दोन अक्षरं वाचायला शिकली. दिवसातून कितीतरी वेळा “आग! आग!” असा ओरडा होई. गावाने सुरुवातीला एकदोनदा धावून पाहिलं, मग सोडून दिलं.

इथे एखादी भली बादली सुखी झाली असती. मी झाले नाही, कारण मला ज्या ओट्यावर ठेवलं होतं त्याच्याच खालून पटेल रोज जात.

ते छपरी पाहायला येत. कुठे किती पोती मावतील याचा नजरेने अंदाज घेत. त्यांच्यामागून त्यांची बकरी येई. गोंदियाच्या बाजारातून आणलेली उंच, लांब कानांची बकरी. पटलांचा तिच्यावर फार जीव. ती रोज एखाद्या कुंडीला तोंड लावी, मुलं रोज तिला हाकलत, आणि पटेल रोज म्हणत, “जनावर आहे जी ते. त्याले काय समजते?” समजायचं ते तिला चांगलं समजत होतं. एकही दिवस तिने पाला सोडून तण खाल्लं नाही.

पटेल ओट्याखालून जाताना मी अंतर मोजत असे. एक केस पुढे सरकले तर गुडघ्यावर. थोडं थांबून सरकले तर पायावर. मी चुंबळीतली एकेक काडी सैल करत होते. वारा आला की डुलायचं, पाणी घातलं की डुलायचं. सुडाचं काम असंच असतं, बागकामासारखं. रोज थोडं थोडं करावं लागतं.

अडचण तुलसाची होती. ती पाणी घालताना माझ्या कडेवर हात ठेवून म्हणे, “पडू नको वो, लालबाई. साहेब येऊन जाऊ दे. मंग पड पायजे तं.”

मित्रांनो, मला आजवर लोकांनी बरंच काही दिलं होतं. विनंती कोणी केली नव्हती. मी पडले असते तर सांबार गेला असता, आणि साहेबांना दाखवायला शाळेजवळ त्याच्याइतकं हिरवं काही नव्हतं. मी थांबले. क्षमा केली नाही. तारीख पुढे ढकलली. पटलांच्या कोर्टातसुद्धा तेच चालत होतं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी रविवार होता. शाळा बंद, अंगणात चिटपाखरू नाही. दुपारी बकरी आली. तिच्या गळ्यात दोर नव्हता. तो तुटला असता तर तुकडा लोंबत राहिला असता. कोणी तरी सोडला होता. तिने सावकाश सुरुवात केली. कढईतली वांगी खाल्ली. डब्यांतली मेथी खाल्ली. मिरच्यांना तोंड लावलं, शिंकली, आणि तरी खाल्ल्या. मग माझ्याकडे आली. सांबार मुळापर्यंत कुरतडला. एवढ्याने पोट भरलं नाही म्हणून माझ्याखालची अर्धी चुंबळ खाल्ली.

सोमवारी सकाळी मुलं आली आणि भांड्यांकडे पाहत उभी राहिली. तुलसा रडली नाही. तिने राहिलेल्या चुंबळीवर पाय दाबून मला कशीबशी तोलून धरलं, आणि तशीच उभी राहिली.

पॅसेंजरने डिप्टी साहेब आले. मागे त्यांची बॅग घेऊन सुकराम. आपला मुलूख मुंबई राज्यात गेल्यापासून पुण्याकडचे अधिकारी इकडे येऊ लागले होते. हे त्यांतलेच. पटलांनी आधीच खुर्ची मांडून ठेवली होती, आणि आपणही तिच्या बाजूला, बरोबर माझ्या खाली, उभे होते.

“बाग कुठे आहे?” साहेबांनी विचारलं.

गुरुजींनी ओट्याकडे हात केला.

“ही तर भांडी आहेत.”

“बाग याच्यातच होती साहेब. काल दुपारपर्यंत.”

साहेबांनी उसासा टाकला. “मी जिथे जातो तिथली बाग आदल्या दिवशीच संपलेली असते.”

“तेच मी म्हनतो जी,” पटेल म्हणाले. “फुटक्या मडक्यात कधी शाळा होते का? बाम्हणीले पक्की इमारत आहे.”

साहेबांची नजर तुलसाकडे गेली. “तू सांग पाहू. या बादलीत काय होतं?”

“सांबार, जी.”

“काय?”

“सांबार.”

“सांबर?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “या बादलीत?”

“हो जी. एवढा झाला होता.” तुलसाने वीतभर उंची दाखवली.

“एवढंसं सांबर?”

“अजून वाढला असता जी. पन बकरीनं खाल्ला.”

साहेबांनी चष्मा काढला. इकडे जंगल आहे, वाघ आहे, हे त्यांना पुण्यात सांगितलेलं असणार. बकऱ्यांबद्दल कोणी सावध केलं नव्हतं.

“बकरीने सांबर खाल्लं,” ते हळूच म्हणाले.

“मुळापासून जी.”

“कोणाच्या बकरीने?”

“पटलाच्या!” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. पाढे कधी इतके एका सुरात म्हटले गेले नव्हते.

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. “पटेल, तुमची बकरी सांबर खाते?”

मित्रांनो, इथे पटलांनी नुसतं “नाही” म्हटलं असतं तर शाळा बुडाली असती. तुलसा घरी बसली असती, छपरीत पोती लागली असती. पण प्रश्न बकरीचा होता. आणि बकरीबद्दल आजवर एवढ्या मोठ्या साहेबाने त्यांना काही विचारलं नव्हतं.

“खाते ना जी!” पटलांची छाती फुगली. “सांबार म्हनजे तिचा जीव की प्राण. मोकळी सुटली का दुसरीकडं पाहतच नाई, सीदी शाळेत येते.”

“इथे? कधीपासून?”

“दसऱ्यापासून रोज येऊन राहिली जी! वांगे खाते, मेथी खाते, पन सांबारावरच जोर. दूध काय देते सांगू!”

“शिंगंसुद्धा खाते?”

“शिंगं? शिंगं तं आहेत जी तिले.”

शालीकराम गुरुजींनी मान वर केली. “दसऱ्यापासून रोज, साहेब,” ते सावकाश म्हणाले. “वांगे, मेथी, सांबार. पटेल म्हनून राहिले.”

पटलांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याच्यामागचा माणूस मात्र निघून गेला.

तुलसा पाय न हलवता वाकली. बकरीच्या तावडीतून सुटलेलं एक पान माझ्या कडेला चिकटलं होतं. तिने ते खुडलं, चुरडलं आणि साहेबांच्या नाकापुढे धरलं. साहेबांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा एकदम घरी पोचल्यासारखा झाला.

“अहो, ही कोथिंबीर!”

“ते काय असते जी?” पहिलीतल्या एका मुलाने विचारलं.

साहेबांचे कान लाल झाले. शाळेचं नशीब त्या दोन कानांवर लटकलेलं होतं. चिडलेला साहेब काय करील याचा नेम नसतो. आणि तेवढ्यात आपली बाजू सावरायला पटेल मोठ्याने हसले. स्टेशनवर हसले होते तसेच, बोट दाखवून.

“घ्या! साहेबाले सांबार नाई समजत!”

साहेबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पटलांकडे पाहिलं.

“मला सांबार समजला नाही, हे खरं. बकरी समजली. दसऱ्यापासून रोज एका उंच बकरीला पुरेल एवढी बाग या शाळेत होती, असं गावच्या पटलांनीच मला सांगितलं. मी इतक्या शाळा पाहिल्या. एका वेळेला बकरी पुरी जेवेल अशी बाग मला दुसरीकडे दिसली नाही. शाळा इथेच राहील.”

मुलं ओरडली. साहेब पुढे म्हणाले, “पटलांचं बागेवर रोजचं लक्ष आहेच. बाग समिती करा, अध्यक्ष तेच राहतील. बकरी बांधण्याची जबाबदारी अध्यक्षांची.”

म्हणजे, मित्रांनो, चोराला कोतवाल केलं. हार आणवले गेले. पटलांनी मान वाकवली आणि हार घालून घेतला. मी वरून पाहत होते. हे माझ्याने बघवलं नाही. तुलसाचा शब्द संपला होता, साहेब येऊन गेल्यात जमा होते. आनंदाच्या भरात तिने चुंबळीवरचा पाय उचलला आणि मी सगळ्या वर्षांचा राग बुडात एकवटून स्वतःला सोडून दिलं.

नेम चुकला नाही. मातीसकट पटलांच्या उजव्या पायावर.

“अगं माय वो!” पटेल एका पायावर नाचले. मग खाली वाकून त्यांनी मला नीट पाहिलं. या क्षणाची मी किती वाट पाहिली होती!

“भारी आहे बाप्पा. कोनाची होय हे?”

“स्टेशनवरची जी,” सुकराम म्हणाला. “आगीची बादली.”

“स्टेशनवर आगीची बादली होती?” पटेल अंगठा चोळत म्हणाले. “मले तं कधी दिसली नाई.”

ते खोटं बोलत नव्हते. थुंकले, हसले, साक्ष दिली आणि खरोखर विसरले. हीच तर गोष्ट आहे.

आता उपदेशाची वेळ झाली. मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या. त्यांच्यात थुंकू नका, त्यांना फेकू नका, त्यांच्यावर हसू नका. आम्ही बोलत नाही, पण विसरतही नाही. तुमच्या घरातली कुठली वस्तू तुमच्यावर डोळा ठेवून आहे हे तुम्हांला कळायचं नाही. रोपांना वेळेवर पाणी घाला. बकरी बांधून ठेवा. आणि कोणी तुम्हांला फुली मारली तर रागावून बसा, पण बसल्या जागी थोडं काही उगवू द्या. दोन्ही एकाच मातीत होतं, हे मी अनुभवाने सांगते.

तुलसा चौथीत गेली. पहिल्या दिवशी तिने शाईने हात निळे करून घेतले आणि मग तेच माझ्या कडेला पुसले. मी तेवढं चालवून घेतलं.

त्याच जूनमध्ये वरून नवा हुकूम आला. शाळेतलं बागकाम बंद करून मूलोद्योग म्हणून सूतकताई ठेवण्यात आली आहे. माझ्यात आता टकळ्या ठेवतात.